मॉडेल जमिनीवर बसवताना: चार आकडे आणि एक फाइल

इमारतीचं मॉडेल खऱ्या जमिनीवर बसवायला चारच आकडे लागतात: एका बिंदूचं ईस्टिंग (नकाशावर पूर्वेकडे मोजलेलं अंतर), त्याचं नॉर्थिंग (उत्तरेकडे मोजलेलं अंतर), त्याची उंची आणि इमारत उत्तरेपासून किती फिरली आहे तो कोन. हे आकडे कोणी दिले, कशावरून दिले आणि ते कोणत्या एका फाइलमध्ये राहणार, एवढं काम सुरू होताना ठरलं की पुढे आर्किटेक्ट, स्ट्रक्चर, एमईपी (वीज, पाणी, एसी), सर्व्हेअर आणि प्लॅनिंग इंजिनिअर सगळे एकाच जमिनीबद्दल बोलतात. ठरलं नाही, तर जो तो आपलं मॉडेल माउसने ओढून जुळवत बसतो आणि पुढची आवृत्ती आली की तेच काम पुन्हा पहिल्यापासून.

मी पुण्यात बिम को-ऑर्डिनेशन करते, म्हणजे इमारतीची सगळ्यांची त्रिमितीय मॉडेल एकत्र जुळवते. मॉडेल रेव्हिटमध्ये, एकत्रीकरण आणि वेळापत्रकाची जोडणी नॅव्हिसवर्क्समध्ये. इथे मी वाकडमधल्या एका निवासी टॉवरच्या प्लॉटचं उदाहरण धरून सांगते. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण वाकडच्याच पट्ट्यातले आहेत, म्हणजे तुमच्या सर्व्हेअरने दिलेले आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतील.

सर्व्हेअरकडून काय मागायचं

मागणी लेखी करा आणि त्यात को-ऑर्डिनेट सिस्टिमचं पूर्ण नाव लिहा. नुसतं ‘यूटीएम’ (जगाला रेखांशांच्या पट्ट्यांत, म्हणजे झोनमध्ये, विभागून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) पुरत नाही. डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर, ईपीएसजी क्रमांक ३२६४३, असं सगळं हवं. झोन ४३ हा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला पट्टा. मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि गोवा हे सगळे त्यात येतात. नागपूर मात्र ७९ अंशांच्या पुढे आहे, त्यामुळे तिथे झोन ४४, म्हणजे ३२६४४. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावतो आणि वाटेत ७८ अंशांची रेषा ओलांडतो. अशा लांब कामात कोणता आकडा कोणत्या झोनचा, हे प्रत्येक ड्रॉइंगवर लिहावंच लागतं. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट दीर्घवर्तुळावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या वेगळ्या गणिती आकृतीवर आहेत. त्यांच्यावरून उचललेले अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ समजून सरळ टाकायचे नाहीत.

आकड्यांचं रूप ओळखायला शिका. आपल्याकडे ईस्टिंग सहा आकडी आणि नॉर्थिंग सात आकडी असतं. पुण्यात नॉर्थिंगची सुरुवात २ ने होते. कोल्हापूर, सांगली, गोव्याकडे गेलात की ती १ ने होते. अदलाबदल झाली असेल तर ती नुसत्या नजरेने कळते.

प्लॉटवर सर्व्हेच्या खुणांचे किमान तीन पक्के पिलर मागा आणि ते खोदाईच्या बाहेर घ्या. एका पिलरवर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून दुसरा दिसला पाहिजे. पिलर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्याला (कायम चालू असलेल्या उपग्रह-स्टेशनांच्या जाळ्याला) जोडून घेतले असतील तर उत्तम. रोव्हरने (उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या फिरत्या यंत्राने) आणि नंतर टोटल स्टेशनने घेतलेल्या वाचनांतला फरकही यादीत लिहून मागा. जो सर्व्हेअर हा फरक न विचारता लिहून देतो, त्याच्या यादीवर माझा विश्वास बसतो.

आणखी एक. मोजणीची ‘क’ प्रत स्कॅन करून मॉडेलखाली पसरवणं म्हणजे हद्द बसवणं नव्हे. भूमी अभिलेखच्या मोजणीत ठरलेल्या हद्दीच्या खुणा जागेवर दाखवून घ्या आणि सर्व्हेअरला त्या याच पिलरवरून उचलायला सांगा. साइड मार्जिन या हद्दीवरून मोजायचं असतं, म्हणून हद्द आणि इमारत एकाच पिलरशी बांधलेली हवी.

उंचीचा प्रश्न वेगळा धरा

जीएनएसएस रोव्हर मुळात जी उंची मोजतो ती दीर्घवर्तुळापासूनची असते. आपल्याला साइटवर हवी असते समुद्रसपाटीपासूनची, म्हणजे जीटीएस बेंचमार्कशी (सर्व्हे ऑफ इंडियाच्या उंचीच्या पक्क्या खुणेशी) जोडलेली आरएल (रिड्यूस्ड लेव्हल). पुण्याच्या भागात या दोन्हींत साठ मीटरहून जास्त अंतर आहे, आणि दीर्घवर्तुळाची उंची कमी भरते. सर्व्हेअरच्या यादीत ‘उंची’ असं मोघम शीर्षक असेल तर यादी परत पाठवा. रकान्यावर ‘आरएल, समुद्रसपाटीपासून’ असं हवं आणि खाली ती कोणत्या बेंचमार्कवरून आणली तेही हवं. विमानतळाजवळच्या प्लॉटला उंचीचं ना हरकत प्रमाणपत्र घेताना समुद्रसपाटीपासूनचीच उंची आणि डब्ल्यूजीएस ८४ मधले अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. हा तपशील इथेच नीट केला की तिकडे वेगळी धावपळ उरत नाही.

एका साइटवर बाहेरच्या एजन्सीने ड्रोनचा पॉइंट क्लाउड (जागेच्या असंख्य मोजलेल्या बिंदूंची फाइल) आणून दिला. आडवा तो मॉडेलवर चपखल बसला, पण खोदाईचा तळ आमच्या राफ्टच्या (पायाच्या स्लॅबच्या) साठ-पासष्ट मीटर खाली दिसत होता. कारण हेच. एवढा मोठा फरक लगेच दिसतो. जास्त त्रासदायक गोष्ट पुढे होते. कोणीतरी क्लाउड हाताने वर उचलून ‘अंदाजे’ बसवतो, आणि मग खोदाईच्या घनफळात जो अर्धा मीटर शिल्लक राहतो तो बिलात येतो. म्हणून ड्रोनवाल्यांना आधीच सांगायचं: जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट आमच्या पिलरवरून घ्या आणि उंची आरएलमध्ये द्या.

मॉडेल थेट यूटीएमच्या आकड्यांवर का काढायचं नाही

नवीन मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. खरे आकडे आहेत, तर इमारत थेट त्याच आकड्यांवर का काढू नये? याचं उत्तर संगणकाच्या अंकगणितात आहे. स्क्रीनवर चित्र काढताना बरेच व्ह्यूअर प्रत्येक आकडा ३२ बिटांत ठेवतात. त्यात २४ बिटांची अचूकता मिळते, म्हणजे साधारण सात अंक. वाकडचं नॉर्थिंग आहे २०५५८८४ मीटरच्या आसपास. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ३२ बिटांतला पुढचा आकडा थेट साडेबारा सेंटिमीटरवर असतो. मधलं काही साठवताच येत नाही. ईस्टिंग लहान आहे, तरी तिथेही पायरी तीन सेंटिमीटरची. मग भिंती थरथरतात, गोल पाइप चौकोनी दिसतात आणि क्लॅश टेस्टमध्ये (दोन भाग एकमेकांत घुसतात का, या तपासणीत) नसलेले क्लॅश निघतात.

रेव्हिटची स्वतःचीही मर्यादा आहे. आतल्या मूळबिंदूपासून १० मैल, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरच्या आतच भूमिती ठेवावी, असं ऑटोडेस्क सांगतं. यूटीएमचा शून्य आपल्यापासून दोन हजार किलोमीटर दूर, विषुववृत्तावर आहे. तेव्हा इमारत मूळबिंदूजवळ, सरळ, ग्रिड (कॉलमच्या आखणीच्या रेषा) आडवे-उभे ठेवूनच काढायची. जगातली तिची जागा ही तिच्यावर चिकटवलेली माहिती असते. त्या माहितीला रेव्हिट शेअर्ड को-ऑर्डिनेट्स म्हणतं.

रेव्हिटमध्ये प्रत्यक्ष

एक वेगळी फाइल करा. तिच्यात फक्त ग्रिड, लेव्हल आणि पिलर. भिंत नाही, कॉलम नाही. हीच को-ऑर्डिनेशन फाइल. ती उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

ग्रिड ए आणि १ जिथे छेदतात तो बिंदू आतल्या मूळबिंदूवर घ्या. प्रोजेक्ट बेस पॉइंटही तिथेच. ग्राउंड फ्लोअरची तयार पातळी ०.०००. आता आपल्या उदाहरणात सर्व्हेअर आणि आर्किटेक्टने मिळून लाइनआउटसाठी (जमिनीवरच्या आखणीसाठी) हे ठरवलं आहे:

ए-१ छेद: ईस्टिंग ३६९२२८.१५०, नॉर्थिंग २०५५८८४.७२०
ए-९ छेद: ईस्टिंग ३६९२९०.६३३, नॉर्थिंग २०५५८९८.५७२
०.००० म्हणजे आरएल ५७२.१००

कोन स्वतः काढा, कोणी सांगितलेला घेऊ नका. ए-१ पासून ए-९ पर्यंत पूर्वेकडे ६२.४८३ आणि उत्तरेकडे १३.८५२ मीटर. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ०.२२१६९ येतात. हा १२.५ अंशांचा टॅन्जंट. म्हणजे इमारतीची लांब बाजू पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने साडेबारा अंश वळलेली आहे. दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: ६४.००० मीटर. ड्रॉइंगवर ए-१ ते ए-९ अंतर ६४ मीटरच आहे ना, हे इथेच ताडून बघा.

मग मॅनेज टॅबवर, को-ऑर्डिनेट्सच्या यादीत ‘स्पेसिफाय को-ऑर्डिनेट्स अ‍ॅट पॉइंट’. ग्राउंड फ्लोअरच्या प्लॅनमध्ये ए-१ वर क्लिक करा. खिडकीत नॉर्थ/साउथ आधी येतं आणि ईस्ट/वेस्ट नंतर. सर्व्हेअरच्या यादीत क्रम बहुधा उलटा असतो, तेव्हा इथे थांबून वाचा. प्रोजेक्ट मिलिमीटरमध्ये असेल तर आकड्यानंतर मीटरचं चिन्ह (m) टाका, रेव्हिट ते समजून घेतं. एलेव्हेशन ५७२.१००. कोन १२.५ आणि दिशा ईस्ट. ड्रॉइंगमधलं इमारतीचं ‘वर’ ग्रिड उत्तरेच्या (यूटीएम नकाशाच्या उभ्या रेषांच्या दिशेच्या) पश्चिमेला झुकलेलं आहे, म्हणून तिथून उत्तर पूर्वेकडे पडते.

ओके दाबल्यावर सर्व्हे पॉइंट (रेव्हिटमधली शेअर्ड को-ऑर्डिनेट्सची खूण) दिसेनासा होईल. तो क्लिप केलेला, म्हणजे को-ऑर्डिनेटच्या शून्याला जोडलेला असल्यामुळे यूटीएमच्या शून्यावर निघून गेलेला असतो. घाबरायचं कारण नाही. त्याची क्लिप सोडा आणि त्याला पहिल्या पिलरचे आकडे द्या, उदाहरणार्थ ईस्टिंग ३६९२१४.३८२, नॉर्थिंग २०५५८७१.९०६, आरएल ५७१.२४०. क्लिप सुटलेली असताना फक्त खूण हलते, को-ऑर्डिनेट हलत नाहीत. मग दोन्ही बिंदू पिन करा.

आता तपासणी. ए-९ वर स्पॉट को-ऑर्डिनेट (त्या बिंदूचे आकडे दाखवणारी खूण) ठेवा. तिथे ३६९२९०.६३३ आणि २०५५८९८.५७२ उमटलं पाहिजे. ए-१ बरोबर येणारच, कारण तो आकडा आपणच टाकला. परीक्षा ए-९ ची. कोनाची दिशा ईस्टऐवजी वेस्ट पडली असेल तर ए-९ चं नॉर्थिंग २०५५८७०.८६८ दिसेल, तब्बल २७.७ मीटर दक्षिणेला. दुसऱ्या बिंदूशिवाय केलेली कोणतीही तपासणी मी तपासणी मानत नाही.

बाकीच्या मॉडेलचं काम सोपं. ज्यांचा मूळबिंदू हाच आहे, म्हणजे त्या टॉवरचं आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, एमईपी, त्यांनी ही फाइल ओरिजिन टू ओरिजिन लिंक करायची आणि ‘अ‍ॅक्वायर को-ऑर्डिनेट्स’ करायचं, म्हणजे तिच्यातले आकडे आपल्या फाइलमध्ये घ्यायचे. शेजारचा दुसरा टॉवर वेगळ्या कोनात असेल तर त्याचं मॉडेल को-ऑर्डिनेशन फाइलमध्ये लिंक करून नीट बसवा आणि ‘पब्लिश को-ऑर्डिनेट्स’ने त्याची जागा त्याच्याच फाइलमध्ये लिहा. त्यानंतर सगळी लिंकिंग ‘बाय शेअर्ड को-ऑर्डिनेट्स’. सर्व्हेअरच्या डीडब्ल्यूजीवरून (ऑटोकॅडच्या फाइलवरून) कोणीही परस्पर अ‍ॅक्वायर करायचं नाही. दोन ठिकाणांहून घेतलेले को-ऑर्डिनेट जवळपास सारखे दिसतात, आणि ‘जवळपास’ हाच इथला सगळ्यात महागडा शब्द आहे.

उत्तर कोणती?

रेव्हिट ज्याला ट्रू नॉर्थ म्हणतं ती आपण वर टाकलेल्या आकड्यांमुळे यूटीएमची ग्रिड उत्तर झाली आहे. खरी भौगोलिक उत्तर तिच्याहून वेगळी असते. झोन ४३ ची मध्यरेषा ७५ अंशांवर आहे आणि वाकड तिच्या पश्चिमेला सव्वा अंश. त्यामुळे इथे दोन्ही उत्तरांत सुमारे २४ मिनिटांचा फरक पडतो, ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला. १०० मीटर लांबीवर तो ६९ सेंटिमीटर होतो. सावलीच्या अभ्यासाला किंवा वास्तुसल्लागाराला दाखवायच्या नकाशाला एवढ्याने काही बिघडत नाही. पण कोणी होकायंत्राची किंवा सूर्यावरून काढलेली उत्तर आणून ‘कोन थोडा दुरुस्त करू’ म्हणालं तर नकार द्या. लाइनआउट ग्रिड उत्तरेवर आहे आणि ती तिच्यावरच राहिली पाहिजे.

टेप आणि यूटीएम यांच्यातला फरक

यूटीएममधलं अंतर आणि जमिनीवर मोजलेलं अंतर एक नसतं. मध्यरेषेवर प्रमाण ०.९९९६ असतं आणि बाजूला जाताना वाढत जातं. त्यात साइटच्या उंचीचा परिणाम मिळवला की वाकडमध्ये यूटीएमचं अंतर दर किलोमीटरला साधारण २७ सेंटिमीटर कमी भरतं. दोन पिलरमधलं अंतर यूटीएम आकड्यांवरून १२८.३८३ मीटर आलं, तर टोटल स्टेशन जमिनीवर १२८.४१७ दाखवेल. साडेतीन सेंटिमीटरची ही तफावत चूक नाही. सर्व्हेअर आणि साइट इंजिनिअर यावरून भांडतात तेव्हा दोघेही बरोबर असतात.

इमारतीसाठी मी हा नियम धरते: एकच बिंदू, म्हणजे ए-१, यूटीएमवर बांधायचा. तिथून पुढे सगळी अंतरं जमिनीवरची, १ ला १. वर ए-९ चे आकडे तसेच काढले आहेत. ६४ मीटरच्या इमारतीत शुद्ध यूटीएमशी याचा फरक पावणेदोन सेंटिमीटरचा, आणि तो सगळा इमारतीच्या बाहेरच्या जगाशी, आतल्या कॉलममध्ये शून्य. पिलरच्या यादीवर मात्र ‘ग्रिड अंतर’ की ‘जमिनीवरचं अंतर’ हे छापून घ्या, नाहीतर टोटल स्टेशनमध्ये कोणीतरी प्रमाण चालू ठेवतं आणि कॉलम सरकतात. रस्ता, मेट्रो, पाइपलाइन यांना हा नियम चालत नाही. तिथे प्रमाणाचा आकडा प्रकल्पाच्या सुरुवातीला कागदावर ठरवतात.

आयएफसी पाठवताना

टेक्ला किंवा आर्किकॅड अशी दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना फाइल द्यायची असेल तर आयएफसी ४ निवडा. आयएफसी म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारा मॉडेलचा सामायिक फॉरमॅट. आयएफसी २x३ मध्ये साइटचे अक्षांश-रेखांश आणि उंची असते, पण प्रक्षेपणाची (यूटीएमसारख्या नकाशा-पद्धतीची) नीट जागा नाही. ४ मध्ये ‘आयएफसी मॅप कन्व्हर्जन’ आहे. तिथे आपले तेच चार आकडे बसतात: ईस्टिंग्ज, नॉर्थिंग्ज, ऑर्थोगोनल हाइट, आणि कोन मात्र दोन भागांत. एक्स अ‍ॅक्सिस अ‍ॅब्सिसा म्हणजे कोनाचा कोसाइन, ०.९७६३०, आणि ऑर्डिनेट म्हणजे साइन, ०.२१६४४. शेजारी ‘आयएफसी प्रोजेक्टेड सीआरएस’मध्ये ईपीएसजी ३२६४३. मॉडेल मिलिमीटरमध्ये आणि नकाशा मीटरमध्ये असेल तर स्केल ०.००१ हवं. हे एक घर रिकामं सोडल्यामुळे इमारत हजारपट मोठी उघडलेली मी दुसऱ्यांच्या फाइलींत पाहिली आहे. पाठवण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ही ओळ डोळ्यांनी वाचा. आयएफसी हा साधा मजकूरच असतो.

नॅव्हिसवर्क्समध्ये

इथे फार काही नाही, फक्त सगळ्यांची सेटिंग सारखी हवी. एनडब्ल्यूसी (नॅव्हिसवर्क्ससाठीची फाइल) काढताना को-ऑर्डिनेट्स ‘शेअर्ड’ ठेवा, ‘प्रोजेक्ट इंटर्नल’ नको. आरव्हीटी (रेव्हिटची मूळ फाइल) थेट उघडत असाल तर ऑप्शन्स एडिटरमध्ये रेव्हिटच्या फाइल रीडरला तीच सेटिंग द्या. व्ह्यू टॅबवरून एचयूडीमधलं (स्क्रीनवर माहिती दाखवणाऱ्या पट्टीतलं) पोझिशन रीडआउट चालू करा म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात ते दिसत राहील. एखादी फाइल बाजूला पडली तर ‘युनिट्स अँड ट्रान्सफॉर्म’ने ढकलू नका. ती परत पाठवा. ढकललेली फाइल पुढच्या आवृत्तीत पुन्हा तिथेच पडते, आणि तोवर टाइमलायनरमधली (नॅव्हिसवर्क्समधल्या वेळापत्रकाच्या साधनातली) क्रेनची त्रिज्या, शेजारच्या इमारती, डंपरचा रस्ता हे सगळं त्या चुकीवर रचलेलं असतं.

पहिल्या एकत्रित मॉडेलवर आणखी एक ढोबळ चाचणी करा. प्लॉटचे चार कोपरे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२६४३ वर टाका, केएमएल (गूगल अर्थला वाचता येणारी फाइल) काढा आणि गूगल अर्थवर बघा. उपग्रहाचं चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं, त्यामुळे सेंटिमीटर इथे शोधू नका. झोन चुकला, आकडे उलटे पडले, हे मात्र एका नजरेत कळतं.

शेवटी एक पान तयार करा आणि प्रत्येक फाइलसोबत पाठवा: को-ऑर्डिनेट सिस्टिम, ए-१ आणि ए-९, ०.००० ची आरएल, कोन आणि दिशा, पिलरची यादी, अंतराचा प्रकार, तारीख आणि या आकड्यांना जबाबदार माणसाचं नाव. खोदाई सुरू झाल्यावर पोकलेनच्या धक्क्याने एखादा पिलर हलतोच. तेव्हा तो उरलेल्या दोन पिलरवरून पुन्हा बांधून घ्या, त्याचे नवे आकडे या पानावर नव्या तारखेने लिहा, आणि मॉडेलच्या चार आकड्यांना हात लावू नका.